आतल्या बाजूचा शिक्का

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. शहाण्या माणसाने ऐकावं, चहा प्यावा आणि कामाला लागावं. पण घडलं ते घडलं, आणि आत्ता तुम्ही ज्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बूड टेकून बसला आहात, त्यांच्या आज्या-पणज्यांनी ते पाहिलेलं आहे. चादरींना तोंड नाही म्हणून दुसऱ्या कुणाला तरी ते उघडावं लागतं. सुट्टी वीस मिनिटांची आहे. पाय वर घ्या, म्हणजे सूज तरी उतरेल.

तर याच हॉस्पिटलच्या तळघरात, याच धुलाईखात्यात, एक बाई होती. तिला सगळे घडीमावशी म्हणत. एकोणीस वर्षांत तिने इतक्या चादरींच्या घड्या घातल्या होत्या, की त्या टोकाला टोक लावून पसरल्या असत्या तर चंद्रापर्यंत जाऊन परत आल्या असत्या, आणि परत आल्यावर त्यांची घडीही तिलाच घालावी लागली असती. दिसायला बेताची, बोलायला फटकळ, आणि दमलेली. दमलेली म्हणजे किती, तर संध्याकाळी घरी जाताना तिची सावली दहा पावलं मागून रखडत यायची, आणि दारात पोचल्यावर मावशीला थांबून तिची वाट बघावी लागायची.

खातं तेव्हाही असंच होतं. मधे दार, दाराच्या अलीकडे कोरडी बाजू, पलीकडे ओली बाजू. ओल्या बाजूला धुण्याची यंत्रं, घोट्याएवढं पाणी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि पिळलेल्या चादरींचे गठ्ठे, एकेक गठ्ठा झोपलेल्या माणसाएवढा जड. तिथे दोन दिवस उभं राहिलं की नखं मऊ पडतात, चार दिवसांनी बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात, आणि आठव्या दिवशी माणूस खोकायला लागतं ते उन्हाळ्यापर्यंत खोकतं. कोरड्या बाजूला वाळवणीची यंत्रं, इस्त्रीचे रूळ आणि घडीची लांब टेबलं. उकाडा मरणाचा, पण पाय कोरडे. आणि कोपऱ्यात, खिडकी म्हणून जे काही आहे तिच्याखाली, एक स्टूल.

त्या स्टुलाचं माहात्म्य नव्यांना कळायचं नाही म्हणून सांगायला हवं. फाटक्या चादरींना ठिगळं लावायचं काम त्या स्टुलावर बसून व्हायचं. अख्ख्या खात्यात बसून करायचं काम तेवढं एकच. म्हणून त्याची पाळी लावलेली. घडीवर बायका अकरा, त्यामुळे अकरा दिवसांतून एकदा एकीला एक दिवस स्टूल. बायका लग्नाच्या तारखेसारखी पाळीची तारीख लक्षात ठेवायच्या. स्टुलासाठी एकदा दोघींत जुंपली होती आणि एकीने दुसरीच्या कानाचा चावा घेतला होता. कान कुणाचा ते सांगत नाही, ती इथेच बसली आहे.

आता घडीचं बघा. मोठ्या चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोघींच्या हातांत दोन-दोन टोकं. एकीने उजवा हात डाव्यावर नेला की समोरचीला डावा हात उजव्यावर न्यावा लागतो. दोघींनीही उजवाच नेला तर चादरीला पीळ पडतो, आणि दोघी पिळाच्या दोन टोकांना उभ्या राहून एकमेकींच्या अकलेविषयी बोलतात. म्हणजे हिशेब असा, की प्रत्येक जोडीत एकीला डावं व्हावंच लागतं. पण हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. हात आपोआप चालतात, डोकं कुठे चालतं.

चादरीच्या एका टोकाला खालच्या बाजूने शिक्का असतो. वॉर्डाच्या चादरीला निळा, स्पेशल खोल्यांच्या चादरीला लाल. घडी बरोबर पडली की शिक्का फिरून वर येतो. मग गठ्ठे बांधणारी वरचा शिक्का बघून निळे वॉर्डात आणि लाल खोल्यांत पाठवते. स्पेशलच्या चादरी नव्या, खळ घातलेल्या, कडक. वॉर्डाच्या धुऊन धुऊन विरलेल्या, दोन-चार ठिगळांच्या.

कडक म्हटल्यावर मुकादमाची गोष्ट आलीच. त्याचं नावच कडक पडलं होतं. त्याच्या सदऱ्याला एवढी खळ असायची, की तो खुर्चीवर बसला तरी सदरा मिनिटभर उभाच राहायचा. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही डोक्यावर वरून कुणीतरी बसलेलं होतं, आणि त्या वरच्याला खाली बायका आहेत की यंत्रं, याचा पत्ता नव्हता.

मावशीची जोडीदारीण म्हणजे उंच बाई. एकोणीस वर्षं दोघी समोरासमोर. एकमेकींच्या नवऱ्यांची आजारपणं, एकमेकींच्या लेकरांची लग्नं, सगळं चादरीवरून इकडून तिकडे गेलेलं. मग एक दिवस उंच बाईचे गुडघे गेले आणि ती दूर, मुलीकडे राहायला गेली. निघताना म्हणाली, “सांभाळ गं स्वतःला.” मावशी म्हणाली, “तू आधी जिने सांभाळ.” एकोणीस वर्षांचा निरोप एवढाच. मावशी टेबलापाशी गेली, चादर उचलली आणि समोर बघितलं, तर भिंत. एवढ्या वर्षांत ती भिंत तिने कधी पाहिलीच नव्हती, उंच बाई मधे असायची ना. भिंतीवर ओल आली होती.

त्याच आठवड्यात कडक एका बाईला घेऊन आला. पस्तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, ओठ त्याहून घट्ट. तिचा उजवा हात कोपराखाली वाळक्या फांदीसारखा होता. लहानपणीच्या तापाने गेलेला. पाचांपैकी दोन बोटं मिटायची, तीन नुसती सोबतीला होती. सगळं काम डाव्या हाताने.

“पंधरा दिवस बघायचं,” कडक म्हणाला. “जमलं तर इथे. नाही जमलं तर ओल्या बाजूला, तिथे माणूस कमीच आहे.”

पंधरा मिनिटांत तिचं नाव डावरी पडलं. आणि मग खात्याच्या दयेला भरती आली. एकीने तिला बसायला डबा पालथा घालून दिला. दुसरीने पाणी आणलं. तिसरी तिच्याशी ओरडून बोलायला लागली, जसा काही हात अधू झाला की कानही जातात. डावरी म्हणाली, “ताई, ऐकू येतं मला. हातानं नाही ऐकत मी.” पण कडकने विचारलं की हिच्याबरोबर जोडीला कोण उभी राहणार, तेव्हा दयेला ओहोटी लागली. जोडीचा ढीग जोडीच्या नावावर असतो. दिवसाच्या शेवटी आपला ढीग अर्धा का, हे कुणी ऐकून घ्यायचं? जी ती आपल्या चादरीकडे बघायला लागली. पाण्याचा पेला देणं वेगळं आणि चादरीचं टोक देणं वेगळं.

मावशीपुढे प्रश्नच नव्हता. तिच्यासमोर भिंत होती. “दे इकडे,” ती म्हणाली. यात दया नव्हती, भिंतीबरोबर घडी घालता येत नाही एवढंच होतं.

दोघी उभ्या राहिल्या. मावशी मनात म्हणाली, आता पडणार पीळ. तिने सवयीने उजवा हात डाव्यावर नेला. डावरीने अधू हाताच्या दोन बोटांत एक टोक धरून ठेवलं आणि डावा हात त्यावर आणला. चादर बसली. मधे चालत आल्या, टोकाला टोक, परत मागे, परत पुढे. शिक्का वर. निळा, सरळ.

मावशीने दुसरी घेतली. बसली. तिसरी बसली.

“कुठे शिकलीस?” मावशीने विचारलं.

“कुठे नाही. तुम्ही ज्या हाताने करत नाही, त्या हाताने मी करते.”

तेव्हा कुठे मावशीच्या डोक्यात उजेड पडला, की उंच बाई एकोणीस वर्षं तिच्यासाठी डावी होत होती. सांगितलं नाही कधी. बहुतेक तिलाही माहीत नसावं.

दहा दिवस असे गेले. ढीग इतरांएवढा. डावरी बोलायची कमी, पण बोलली की टाचणीसारखं. मावशी थकून थांबली की ती म्हणायची, “थांबू नका मावशी, थांबलात की मला तुमचं वय दिसतं.” मावशी म्हणायची, “डोळे तरी धड आहेत म्हणायचे तुझे.” दुपारच्या डब्याला मात्र ती एकटी, पालथ्या डब्यावर. बाकीच्या बायका गठ्ठ्यांवर गोल करून बसायच्या आणि गोलात जागा नसायची. मुद्दाम नव्हे. गोल आधीपासून तेवढाच होता, इतकंच.

अकराव्या दिवशी सकाळी मावशीने घरी चहाचा कप फळीवर ठेवायला उजवा हात उचलला आणि हात वर गेलाच नाही. खांद्यात कुणीतरी खिळा ठोकला होता. तिने डाव्या हाताने कप ठेवला आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं. सून भाजी चिरत होती, तिने पाहिलं नाही. सून वाईट नव्हती. घर लहान होतं. मावशीची खाट दाराशी, आणि मावशी कामावर गेली की त्या खाटेवर दिवसभर वाळलेले कपडे, दप्तरं, येणारे-जाणारे. दिवसा मावशी घरी असणार, ही गोष्ट त्या घराने कधी हिशेबात धरलीच नव्हती. खांदा गेलेली घडीवाली म्हणजे काय, हे तिला पक्कं माहीत होतं. घडीवालीचा खांदा गेला की राहतंच काय? आणि नुसतं घरी बसायचं तर खाट कोणाची?

म्हणून ती कामावर आली आणि टेबलाशी उभी राहिली. चादर उचलली. उजवा जाईना, म्हणून डावा हात उजव्यावर नेला. समोर डावरीनेही डावाच नेला. पीळ.

“चुकलं,” मावशी म्हणाली.

दुसरी घेतली. परत पीळ. डावरीने तिच्याकडे बघितलं. डोळे धड होतेच तिचे. तिसरी चादर आली तेव्हा डावरीने डावा हात जागच्या जागी ठेवला आणि ती वाळकी फांदी हलवली. दोन बोटांच्या चिमटीत टोक धरलं आणि खांद्यापासून अख्खा हात ओढत, दोर ओढावा तसा, डाव्यावर आणला. चादर बसली.

“खांदा?” डावरीने विचारलं.

“नाही,” मावशी म्हणाली.

“बरं.”

जराशाने मावशीने विचारलं, “तुझा हात दुखतोय?”

“नाही.”

“बरं.”

दोन खोटारड्या समोरासमोर, मधे चादर. त्या दिवशी त्यांनी सहाशे चादरींच्या घड्या घातल्या. हजार म्हणा हवं तर, कोण मोजायला बसलंय. तिसऱ्या प्रहरी डावरीच्या बोटांतून रक्त यायला लागलं तेव्हा तिने त्यांना चिंधी गुंडाळली. मावशीने ते पाहिलं आणि छताकडे बघितलं. छताला बघण्यासारखं काहीही नव्हतं.

आणि दोघींच्याही लक्षात एक गोष्ट आली नाही. एकीने हात बदलला तर पीळ पडतो. दोघींनी बदलले तर पीळ पडत नाही, घडी छान पडते, पण उलटी पडते. शिक्का वर यायच्या ऐवजी खाली राहतो आणि पुढच्या घडीत आत जातो. मावशी शिक्का बघत नव्हती, एकोणीस वर्षांनी कोण बघतं? डावरी स्वतःची बोटं बघत होती. आणि गठ्ठे बांधणारीची घरी जायची वेळ झाली होती. वर ना निळा ना लाल, म्हणजे कुठेही चालेल, असं तिने ठरवलं आणि हाताला येतील तशा चादरी वर पाठवून दिल्या.

आता यापुढचं तुम्हाला पटणार नाही.

स्पेशलच्या बारा नंबर खोलीत एक बडा माणूस होता. कसला बडा ते विचारू नका, त्याला भेटायला येणारे दारात बूट काढायचे की डोकं, हे त्यांचं त्यांना ठरत नसे. त्याला अकरा वर्षं झोप नव्हती. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, कुणी म्हणालं मेंढ्या मोजा, त्याने इतक्या मोजल्या की मेंढ्या थकल्या. त्या संध्याकाळी त्याच्या पलंगावर वॉर्डाची विरलेली चादर पडली. हजार वेळा धुतलेली, आईच्या लुगड्यासारखी मऊ. पाठ टेकली आणि माणूस गेला. गेला म्हणजे झोपला. पण नर्सला ते कसं कळावं? त्याला कुणी झोपलेला पाहिलाच नव्हता. नाकाखाली आरसा धरला, आरशावर वाफ आली. तीन दिवस झोपला. घोरणं असं, की खालच्या मजल्यावरच्या बाटल्या सरकत सरकत कपाटाच्या कडेला आल्या. उठला तो पहिलं वाक्य बोलला, “ही चादर कुणी नेली तर बघा.”

आणि इकडे वॉर्डात खळीच्या चादरी. बोट आपटलं तर टणटण वाजतील अशा. वॉर्डातले लोक पाहुण्याच्या घरी आल्यासारखे आखडून झोपले, कूस बदलली तर सुरकुती पडेल म्हणून. एक म्हातारा तीनदा घसरून खाली आला. आणि एका म्हातारीने तर चादर काढून, घडी घालून उशाशी ठेवली आणि नुसत्या गादीवर झोपली. नर्सने विचारलं तर म्हणाली, “माझी नाही ती, बाई. चुकून आली असेल. ज्याची असेल तो मागायला आला की देईन.”

यात मात्र एक शब्दही वाढवून सांगितलेला नाही.

तर वरून ओरड सुरू झाली. बड्या माणसाच्या खोलीत ठिगळाची चादर गेलीच कशी? तो माणूस आनंदात आहे याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं, चादर चुकीची होती. वरच्याने कडकला झापलं, कडक खाली आला, आणि त्याने अकरा जणी ओळीने उभ्या केल्या. अकरा म्हणजे डावरी धरून. उंच बाईच्या जागी तिला मोजलं होतं, तेवढं तरी झालं होतं.

एक चादर त्याने टेबलावर टाकली, घडी उलगडली, आणि आतून लाल शिक्का निघाला.

“ही घडी कुणाची?”

 उत्तराची गरजच नव्हती. शिक्का आत म्हणजे घडी उलटी, उलटी म्हणजे डावी, आणि डावी म्हणजे कोण, हे सांगायला पंडित कशाला हवा. दहा जणींच्या नजरा हळूहळू एका ठिकाणी गेल्या. डावरीने मान वर केली नाही. मावशीकडेही बघितलं नाही. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती, चिंधी अजून बांधलेली होती. म्हणाली असती ना, की मी डाव्याने करते तेव्हाच घडी सुलटी पडते, त्या दिवशी उजव्याने केली म्हणून उलटी पडली. मग पुढचा प्रश्न आला असता, उजव्याने का केलीस? त्याचं उत्तर तिच्या शेजारी उभं होतं. 

“पंधरा दिवस भरलेच आहेत तसे,” कडक म्हणाला. म्हणताना त्यालाही बरं वाटत नव्हतं. “उद्यापासून ओल्या बाजूला.”

मावशीच्या घशात एक शब्द आला. दोन अक्षरांचा, खांदा. शब्द छोटा होता पण वर येईना. तिला खाट दिसली. खाटेवरचे कपडे दिसले. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे घसा खवखवत होता आणि तोंडाला कुलूप.

चहा थंड झाला की काय? द्या इकडे. हं.

तर मग मावशी काय करते? मावशी एक पाऊल पुढे येते. असं पाऊल, की टेबलावरच्या कात्र्या उडाल्या. “मुकादम,” ती म्हणाली, आणि आवाज असा होता की बॉयलरची शिट्टी अर्ध्यात थांबली. “मुकादम, घडी माझी. हात माझा चुकला. खांदा गेलाय माझा, आणि या बाईने दिवसभर रक्त सांडून माझी चूक झाकली. टाळी एका हाताने वाजत नाही तशी घडीही एका हाताने पडत नाही. प्रत्येक जोडीत एक डावी असतेच, विचारा कुणालाही. उजवं-डावं करायचं असेल तर सगळ्या घड्या तुम्ही एकट्याने घाला, आम्ही बसतो आणि बघतो.” आणि अशी ती अर्धा तास बोलली. बोलता बोलता कडकच्या सदऱ्याची खळ उतरली. आधी कॉलर पडली, मग बाह्या पडल्या, शेवटी सदरा ओल्या फडक्यासारखा अंगाला चिकटला आणि आत माणूस आहे हे पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं. दहाही जणींनी उजवे हात पाठीमागे बांधले आणि दिवसभराच्या घड्या डाव्या हाताने घातल्या, डाव्या हातचा मळ असल्यासारख्या. वरचा वरिष्ठ साठ पायऱ्या उतरून खाली आला, त्याला तळघर आहे हे तेव्हाच कळलं. त्याने डोळे पुसले. कशाने पुसले, तर वॉर्डाच्या चादरीने. आणि हुकूम काढला, की आजपासून शिक्के बंद. निळं नाही, लाल नाही. सगळ्यांना एकच चादर, बारा नंबरला जी आणि त्या म्हातारीला जी. मग सगळ्या गोल करून बसल्या, गोल आपोआप मोठा झाला, आणि त्या दिवशीचा चहा संध्याकाळपर्यंत किटलीत संपला नाही.

“मग हे काय?”

मागच्या आठवड्यात लागलेली नवी बाई बसल्या जागी वाकून आपल्या खालच्या गठ्ठ्याचं टोक ओढत होती. टोकावर लाल शिक्का होता. वर, सरळ, कालच मारल्यासारखा.

“तो नंतर परत सुरू झाला.”

“कधी?”

“तू यायच्या आदल्या दिवशी.”

सगळ्या हसल्या. नवीही हसली, पण टोक तिने सोडलं नाही. “आणि त्या डावरीचं काय झालं? ओल्या बाजूला गेली की नाही?”

“सांगितलं ना, मावशीने एक पाऊल पुढे टाकलं आणि—”

“खोटं.”

रुळापाशी पाठ टेकून बसलेल्या बाईने डाव्या हातातला कप खाली ठेवला. तिचा उजवा हात मांडीवर होता, दोन बोटं मिटलेली, तीन उघडी. ती हसत नव्हती आणि रागावलेलीही नव्हती. दुपारी सगळ्या दिसतात तशीच दिसत होती, दमलेली.

“चादरी चंद्रावर जाऊ देत,” ती म्हणाली, “बाराचा माणूस तीन दिवस घोरू दे, शिक्के बंद होऊ देत. त्याने कुणाचं काही जात नाही. पण भाषण खोटं आहे, मावशी. त्या दिवशी तू काहीही बोलली नाहीस. मी बूट चढवून ओल्या बाजूला गेले तेव्हा तू छताकडे बघत होतीस. आठ दिवस तू रोज दुपारी मधल्या दारापर्यंत यायचीस, पाणी प्यायला आल्यासारखं करायचीस आणि परत जायचीस. त्या बाजूला प्यायचं पाणी कधीच नव्हतं. नवव्या दिवशी आलीस ती चपला घालूनच पाण्यात उतरलीस, माझ्या हातातला गठ्ठा काढून घ्यायला लागलीस, तो तुला उचलेना, आणि म्हणालीस, ‘चल. सांगितलं मी त्याला. खांदा गेलाय माझा.’ एवढंच. अर्धा तास नाही, अर्धं मिनिट. आणि या नऊ जणींनी त्या दुपारी आपापली पाळी सोडून हे स्टूल तुला देऊन टाकलं, ज्याच्यावर बसून तू प्रत्येक नवीला ही गोष्ट सांगतेस आणि दर वेळी ते आठ दिवस गाळतेस.”